पाण्यावरचा पहारा

॥ श्री ॥

नंदुरबार, ता. ३ नोव्हेंबर १९२७

चि. भिला यास हिलालचे अनेक आशीर्वाद.

मी परवा सुखरूप पोहोचलो. जळगावला गाडी बदलताना पडशी हरवली आणि सापडलीही. येथील सर्व क्षेम आहे. मिरचीचा हंगाम सुरू झाल्यामुळे अर्धं गाव शिंकतंय आणि उरलेलं अर्धं दवाखान्यात येऊन खोकतंय. तुझ्याकडील खुशाली कळवावी, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तू कळवणार नाहीस हे मला ठाऊक आहे. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला सतरा वर्षांत एक पोस्टकार्ड नाही, आणि शेवटी आलं ते छापील परिपत्रक, खाली तुझी सही! 'जुन्या डॉक्टरांसाठी उजळणी वर्ग, पुणे, एकवीस दिवस, हजेरी सक्तीची.' वा रे वा!

आता राग आलाच आहे तर सगळंच लिहून टाकतो. बावन्न वर्षांचा माणूस मी. तीस वर्षं दवाखाना चालवतोय. त्या मला तुम्ही पोरांच्या बाकावर बसवलंत, जिथे माझे गुडघे मावत नव्हते. माझ्या शेजारी तो नाशिककडचा डॉक्टर पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत घोरला. त्याला शेवटी प्रमाणपत्र मिळालं, आणि मलाही तेच मिळालं. मग मी जागा राहून काय मिळवलं? तुमचे ते तरुण प्राध्यापक भिंतीवर चित्रं दाखवत होते, आकृत्या काढत होते, आणि एकानेही विचारलं नाही की बाबांनो, तुमच्या दवाखान्यात सुई उकळायला रॉकेलचा स्टोव्ह तरी आहे का. वह्या भरून घेतल्या आमच्याकडून. माझी वही इथे आल्याबरोबर कपाटात गेली. नाशिकवाल्याची तर गाडीतच राहिली असणार.

आणि तू! भर वर्गात मला 'डॉक्टर पाटील' म्हणालास. एके काळी 'दाजी, दाजी' करत माझ्या सायकलीच्या मागे पळायचास. असो.

पटकीच्या, तुमच्या भाषेत कॉलऱ्याच्या, तासाला मी मधूनच उठून गेलो, ते तू पाहिलंस. डोकं दुखत होतं. माझं मत तुला आधीच माहीत आहे, तरी लिहून ठेवतो. तुम्ही म्हणता, पटकीच्या रुग्णाला शिरेतून मिठाचं पाणी द्या, आणि तोंडानेही मागेल तितकं पाणी पाजा. आम्हाला आमच्या गुरूंनी शिकवलं की पाणी पोटात गेलं की उलटी होते आणि उलटीने माणूस खचतो, म्हणून ओठ ओले करा, पण घोट देऊ नका. मी तीस वर्षं तसंच केलं. पुढच्या महिन्यात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आहे. घोड्यांचे व्यापारी चारी मुलखांतून येतील, तापीच्या वाळूत माणूस मावणार नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी तिथे पटकी येते तशी यंदाही येईल. तिथला छावणी-दवाखाना माझ्या ताब्यात आहे. १९१९ साली मी पत्र्याची पाटी रंगवून घेतली होती, 'रुग्णास पाणी देऊ नये, हुकुमावरून.' ती पाटी यंदाही लागेल. बघू कोण काढतो.

जाता जाता तू सगळ्यांना जो गृहपाठ दिलास, त्याने तर डोक्यात तिडीकच गेली. 'प्रत्येकाने आपल्या जुन्या नोंदवहीतलं एक साल काढावं आणि त्या रुग्णांचं पुढे काय झालं ते स्वतः जाऊन पाहावं.' मी काय तलाठी आहे? पण करणार आहे. १९१९चीच वही काढतो, आणि तुझं तोंड कायमचं बंद करतो.

कळावे,
हिलाल दोधू पाटील
सब-असिस्टंट सर्जन, नंदुरबार


॥ श्री ॥

नंदुरबार, ता. २४ नोव्हेंबर १९२७

चि. भिला यास आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. येणारही नव्हतं. मीच लिहितो, कारण इथे ज्याच्याशी बोलावं असा माणूस एकच आहे, आमचा शिपाई वाहरू, आणि सध्या मी त्याच्याशी बोलत नाही.

का ते सांगतो. १९१९ची वही काढली. यात्रेच्या छावणीत एकतीस रुग्ण. त्यातले सहा 'फरार', म्हणजे छावणीतून पळून गेलेले. सगळे सातपुड्यातले डोंगरी लोक. त्यांच्या नावांपुढे मी लाल शाईने लिहून ठेवलं होतं, 'वाटेत मेले असावेत.' उरलेले पंचवीस माझ्या उपचाराखाली राहिले. त्यातले सोळा गेले, नऊ वाचले. त्या वेळी वाटलं होतं, वाईट नाही. नऊ वाचवले.

तुझा गृहपाठ म्हणजे माणसं शोधायची. प्रांतातल्या गावोगाव वाचलेल्यांना शोधण्यात मला रस नव्हता, ते वाचलेत हे मला माहीतच होतं. मी म्हटलं, पळालेल्यांचीच हाडं कुठे पडली ते विचारून येतो, म्हणजे हिशेब पुरा. टट्टू घेतलं, वाहरूला बरोबर घेतलं, कारण तो डोंगरातलाच आणि त्यांची बोली तोच जाणतो. वाटभर वाहरू गप्प होता. एरवी त्याचं तोंड थांबत नाही. मला वाटलं, दात दुखत असेल.

भिला, सहापैकी पाच जिवंत आहेत.

पहिला सापडला इंद्रसिंग, ओढ्याकाठी बांबू तासत बसलेला. मला पाहून तो उठून पळायलाच लागला. आठ वर्षांनीसुद्धा! वाहरूने त्याला हाक मारून थांबवला. मी विचारलं, काय औषध घेतलंस? तो हसला. औषध कसलं! नदीवर जाऊन पोटभर पाणी प्यायला, ओकला, परत प्यायला. मग घरी बायकोने दोन दिवस ज्वारीची पातळ पेज मीठ घालून पाजली, आजाऱ्याला पाजतात तशी. दुसऱ्या पाड्यावर रमिलाबाई, तिनेही तेच सांगितलं. पुढे भीमसिंग आणि त्याचा भाऊ, तेही तेच. पाचवा तर कामाला गुजरातेत गेलेला, मी त्याच्या आईला भेटलो. सहावा यंदाच्या पावसात सर्प डसून मेला, म्हणजे त्याचंही मरण पळून जाण्याच्या माथी मारता येत नाही.

मी टट्टूवर बसून परत निघालो आणि चिडलो. कोणावर चिडावं ते कळेना, म्हणून वाहरूवर चिडलो. म्हटलं, तू त्या वेळी पाण्याच्या मटक्यांवर पहाऱ्याला होतास, हातात काठी होती, आणि सहा माणसं तुझ्या डोळ्यांदेखत पळून गेली? झोपला होतास का?

तो चालता चालता थांबला. इतकी वर्षं आमच्यात राहून तो आपलीच अहिराणी बोलतो. म्हणाला, "साहेब, त्या पळनात नहीत. मी सोडी दिधात."

"का?"

"पानी मांगी ऱ्हायंतात. मी बठेल व्हतू मटकास्ना मोऱ्हे, काठी लिसन. मले दखायनं नही."

मी म्हटलं, बघवलं नाही म्हणतोस, मग बाकीच्या पंचवीस जणांना का नाही सोडलंस? तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि जे म्हणाला ते मला अजून ऐकू येतं. "त्या तुमनं ऐकनारा लोक व्हतात, साहेब."

म्हणून मी त्याच्याशी बोलत नाही. आठ वर्षं हा माणूस रोज सकाळी माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवतो आणि एक अक्षर बोलत नाही! मी त्याला हे सुनावलं, तर म्हणतो, तुम्ही विचारलं कुठे. कपाळ माझं!

कपाटातली वही बाहेर काढली आहे. पटकीच्या तासाची पानं कोरी आहेत, कारण मी उठून गेलो होतो. नाशिकवाल्याला कार्ड टाकून विचारलं, तर त्याचं उत्तर आलं, 'आपणांस जे आठवते तेच मजला आठवते.' तेव्हा आता तुलाच मागतो. मिठाचं प्रमाण, शिरेत नळी घालायची रीत, किती वेळाने किती द्यायचं, सगळं लिहून पाठव. भाषण नको. स्वयंपाकाची कृती लिहितात तसं लिही.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आलीच असेल. पाणी द्यायचं हे मी आज मान्य केलं, तर ते १९१९ सालीही बरोबर होतं असं मान्य करावं लागतं. आणि त्याच्याही मागे जावं लागतं. मी तिकडे जायला अजून तयार नाही. मला फक्त कृती पाठव.

हिलाल


॥ श्री ॥

मुक्काम सारंगखेडा, ता. १० डिसेंबर १९२७

प्रिय भिला,

तुझं पाकीट यात्रेच्या आदल्या दिवशी पोहोचलं. आत कृती होती, आणि दुसरं काही नव्हतं. खुशालीची एक ओळ नाही. तरी पाकिटावर 'दाजी' लिहिलंस, तेवढ्यावर पोस्टमन शांतीलाल मला विचारत होता की हे कोण दाजी. मी म्हटलं, मीच.

पटकी आली. सात तारखेला घोड्यांच्या बाजारातून पहिला रुग्ण आला, आठला आणखी सात. तू लिहिलंस तसंच केलं. शिरेत नळी घालताना पहिल्याच्या हाताला तीन ठिकाणी कापलं. शिव्या कोणाला द्याव्या? तुम्ही वर्गात रबराच्या नळीवर शिकवलंत, आणि रबराची नळी पटकीच्या माणसाच्या शिरेसारखी आत ओढली जात नाही! पुढच्या वर्षी खाटकाकडून आणा काहीतरी. पण चौथ्या माणसापासून जमलं. एका म्हाताऱ्या घोडेवाल्याची गेलेली नाडी माझ्या बोटांखाली परत आली. तीस वर्षांत मी नाडी जाताना पुष्कळ पाहिली होती.

पाटी मीच काढली. वाहरूने ती उकळलेल्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली, अक्षरं वर करून. मुद्दाम केलं ते. मी ती तशीच राहू दिली, आणि आमचं बोलणं त्यामुळेच पुन्हा सुरू झालं.

आता गुरुवारचं ऐक. दत्ताची पौर्णिमा, आणि त्याच दिवशी चंद्रग्रहण. दुपारीच वेध लागले. वेध लागल्यावर आपल्याकडे काय होतं ते तुला सांगायला नको. शिजवलेलं टाकायचं, चूल विझवायची, ग्रहण सुटेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मी पत्र्याची पाटी काढून बसलो होतो, आणि इकडे वर आभाळातूनच हुकूम निघाला. छावणीतली अर्धी माणसं तोंडं मिटून बसली. आजारी माणसाला शास्त्र सूट देतं, असं मी घसा फोडून सांगितलं. देवळातल्या पुजाऱ्याला बोलावून त्याच्याकडूनही वदवून घेतलं. बहुतेकांनी ऐकलं.

दिवस कलता कलता बैलगाडीतून एक बाई आणली, धनुबाई. वय विशीचं. डोळे आत गेलेले, हातांची कातडी धोब्याकडून आणल्यासारखी. बरोबर सासू, दगूबाई, जवळच्याच गावच्या पाटलांच्या घरातली. शिरेतून द्यायच्या मिठाच्या पाण्याच्या बाटल्या तोवर संपल्या होत्या, नवीन यायला सकाळ उजाडणार. राहिलं तोंडाने पाजणं. मी मिठाचं पाणी आणि पेज पुढे केली, चमच्या-चमच्याने द्या म्हटलं. म्हातारीने सुनेच्या तोंडावर पदर धरला आणि सरळ नाही म्हणाली.

"आज दत्तनी पुनव, वरथीन गिऱ्हान. येध लागी ग्यात. तोंडमा पानी कसं घालू?"

मी भडकलो. तू मला ओळखतोस. म्हटलं, शास्त्र मला शिकवू नका, पुजाऱ्याला विचारा, पोरगी रात्र काढणार नाही! छावणी गोळा झाली माझ्या आवाजाने. म्हातारी शांत होती. तिने मला नीट निरखून पाहिलं.

"आनि तुम्हीनच तं सांगेल व्हतं ना, डाक्टर? मन्हा थोरला पोऱ्या याच छावनीमा व्हता. तुम्हीनच पाटी दखाडी. पानी दिधं तं मरी जाई, आसं तुम्हीनच सांगं. तो हात जोडे, तरी मी दिधं नही."

माझ्या वहीतल्या सोळांपैकी एक. तिचा चेहराही मला आठवला नाही, आणि तिला माझं भाषण शब्दन् शब्द पाठ. भिला, तुम्ही आम्हाला एकवीस दिवस बसवून नवं शिकवता. पण आम्ही गावोगाव जे जुनं शिकवून ठेवलंय, त्या लोकांचा वर्ग कोण घेणार? या बाईने ग्रहण एका रात्रीचं पाळलं होतं, आणि माझं आठ वर्षं पाळलं होतं.

मला समजावायला दुसरं काही उरलं नव्हतं. पुस्तकातलं सांगून तिने ऐकलं नसतं, पुस्तकातलंच तर मी तेव्हा सांगितलं होतं. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "माय, मी चुकनू. मन्ही बायकोले बी मी पानी दिधं नही. ती मरनी."

सगळ्यांसमोर म्हणालो. वाहरू पिंपाजवळ उभा होता, घोडेवाला खाटेवरून मान वर करून ऐकत होता. सतरा वर्षं हे वाक्य मी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

म्हातारीने सुनेच्या तोंडावरचा पदर खाली घेतला. मग विचारलं, "मंग मन्हा पोऱ्या वाचता?"

डॉक्टरकी उत्तर तोंडाशी आलं होतं, की सांगता येत नाही, प्रकृतीवर असतं, रोगाच्या जोरावर असतं. ते गिळलं आणि 'हा, माय' म्हणालो.

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पदराने डोळे पुसले, हात पुढे केला आणि म्हणाली, "दखाडा, कितलं देवानं." मी किती द्यायचं ते दाखवून चमचा तिच्या हातात दिला. ती रात्रभर पाजत होती. पोरगी ओके, ती थांबे, पुन्हा पाजे. बाहेर यात्रेत ग्रहण लागलं, सुटलं, लोक नदीवर आंघोळीला पळाले. म्हातारी उठली नाही. स्वतः मात्र ग्रहण सुटेपर्यंत तिने पाणी घेतलं नाही.

आज सकाळी धनुबाईला लघवी झाली, म्हणजे ती वाचली. वाहरूने ही बातमी छावणीभर अशी ओरडून सांगितली की जणू मुलगा झाला. एकूण तेवीस रुग्ण आले, चार गेले. वहीत 'फरार' एकही नाही.

आता तुझ्या-माझ्यातलं. तुझी बहीण कौसा पटकीने पडली त्या दिवशी तू सुट्टीवर आलेला, डॉक्टरकीचं दुसरं वर्ष, तुझ्या हातात पाण्याने भरलेलं फुलपात्र होतं. मी ते तुझ्या हातातून घेऊन अंगणात फेकलं आणि तुला बाहेर काढून कडी लावली. हे तुला माहीत आहे. तू दहाव्यापर्यंत थांबलास आणि गेलास, तेही बरोबरच होतं. पण नंतर मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं की शेवटच्या प्रहरी कौसा शुद्धीवर नव्हती, तिला काही कळत नव्हतं. तुझ्या आईला मी तिच्या पायांशी बसून हे सांगितलं. ती तेवढ्या आधारावर जगली.

ते खोटं होतं. कौसा शुद्धीवर होती. मला ओळखत होती. पहिल्यांदा माझ्याकडे मागत होती, मग मागणं सोडलं. शेवटी दाराकडे बघून म्हणाली, "भिलाले बलावा. तो देई मले पानी."

तू दाराच्या पलीकडेच होतास. कडी माझ्या हाताशी होती.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही, ती तू द्यावीस असं माझ्या हातून काही झालेलं नाही. एक काम मात्र कर. पुढच्या वर्गात पटकीच्या तासाला भिंतीवरची चित्रं राहू दे, आणि हे पत्र वाच. नाव गाळू नकोस, माझंही आणि तिचंही. मागच्या बाकावर माझ्यासारखा कोणीतरी असेल, त्याचं डोकं दुखायला लागेल, आणि तो उठून जाऊ लागेल. त्याला जाऊ देऊ नकोस.

मी वर्गाला पुन्हा येतो. मला बोलावणं पाठव. या खेपेस मी शेवटपर्यंत बसेन.

तुझा विद्यार्थी,
हिलाल